आज पट किती?

परिपाठाची घंटा झाली आहे आणि शाळेच्या फाटकात टेम्पो अडकला आहे. रात्री कुणीतरी मैदानात आणून लावलेला. ड्रायव्हर तो काढायला आला नेमका आता, पोरं रांगा धरून उभी राहिल्यावर. मुख्याध्यापिका बाई पदर खोचून फाटकाशी उभ्या आहेत. 'मागं घ्या, अजून मागं, आता कट मारा!' पहिलीची रांगही त्यांच्यासारखेच हात हलवून टेम्पोला वाट दाखवते आहे. टेम्पो सुटतो. धूळ बसायच्या आत राष्ट्रगीत सुरू होतं, मग राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका. उद्देशिका सांगायला पुढे आलेली चौथीतली मुलगी 'सार्वभौम'पाशी अडखळत नाही. तिचं घर चंपारणचं आहे आणि ती पहिलीपासून इथं आहे. या शाळेत पहिली ते चौथी सलग शिकणं म्हणजे फार जुनं माणूस असणं.

दिनविशेष होतो, सुविचार होतो. बातम्या वाचायला एक मुलगा येतो. 'चाकणच्या तळेगाव चौकात काल वाहतूक कोंडी.' मागून दुसरीचे सर म्हणतात, 'अरे, ही बातमी नव्हे, हे हवामान.' शिक्षक हसतात म्हणून पोरंही हसतात.

चाकण औद्योगिक वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्याला चिकटलेल्या एका वाडीतली ही जिल्हा परिषदेची शाळा. नाव लिहीत नाही. वाडीत घरं कमी आणि खोल्या जास्त. पत्र्याच्या, दहा बाय दहाच्या, एका रांगेत बारा-पंधरा, टोकाला पाण्याची टाकी. बजाजचा कारखाना चाकणला १९९९ मध्ये आला, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज २००९ मध्ये. त्यांच्या मागे सुटे भाग करणारे, त्यांच्या मागे पॅकिंग करणारे, आणि सगळ्यांत शेवटी कंत्राटदाराच्या हजेरीवर काम करणारी माणसं. बीड, परभणी, वाशिम, गोपालगंज, गंजाम. त्यांची मुलं इथं येतात.

हजेरी चालू आहे. कांबळे, यादव, राठोड, शेख, मोहंती, पासवान, मुंडे. ज्या आडनावांवरून या भागातल्या वाड्यांची नावं पडली, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, ती आडनावं या वहीत शोधावी लागतात. ती मुलं पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत गेलेली असतात. व्हॅन शाळेच्या कुंपणाला घासून जाते, आतल्या टायवाल्या मुलांना बाहेरची मुलं हात करतात. हजेरी संपली की बाई फळ्याच्या कोपऱ्यात पट लिहितात. कालचा आकडा पुसावाच लागतो. काल दोन नावं कमी, एक नवीन दाखल.

दुसरीच्या वर्गात मी मागच्या भिंतीशी बसतो. वर्गात साठाच्या वर मुलं. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो. इथं तिसाव्या मुलापाशी वर्ग जेमतेम अर्धा होतो. बाकं काढून टाकली आहेत, सतरंज्या टाकल्या आहेत. मला आधी ते गरिबीचं लक्षण वाटतं. थोड्या वेळानं कळतं की बाकं ठेवली असती तर वीस मुलं व्हरांड्यात गेली असती.

सर फळ्यावर ७९ लिहितात. निम्मा वर्ग ओरडतो, 'सत्तर नऊ!' चार-पाच जण 'एकोणऐंशी', एक कोपरा 'उन्यासी'. सर तिन्हीला मान डोलावतात. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जोडाक्षरी संख्यानामांसोबत 'सत्तर नऊ'ची पद्धत आणली, तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढा गहजब झाला होता. मराठी बुडाली म्हणून विनोद झाले, विधानसभेत चर्चा झाली. गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे पटवत राहिल्या की मुलाला आधी संख्या कळू द्या. तो वाद घालणाऱ्यांपैकी कुणी या सतरंजीवर बसलं नव्हतं. इथं ती पद्धत ही वर्ग चालायची एकमेव वाट आहे. गंजामहून आलेल्या पोराला 'सत्तर' आणि 'नऊ' आठवडाभरात येतात. 'एकोणऐंशी' उन्हाळ्याच्या आधी येतं.

खिडकीपाशी एक मुलगा वही न उघडता बसला आहे. सोमवारी दाखल झालेला. शेजारची मुलगी दर दोन मिनिटांनी त्याच्या कानाशी काहीतरी सांगते. सर त्याला काहीच विचारत नाहीत. फक्त कामं सांगतात. खडू आण. खिडकी लाव. हे बाईंना देऊन ये. तो उठतो, मुलीकडे बघतो, ती हातानं दाखवते, तो जातो. मधल्या सुट्टीत मी विचारतो तेव्हा सर म्हणतात, 'पंधरा दिवस त्याला वही नाही. नुसती कामं. काम कळायला लागलं की शब्द आपोआप तोंडात येतो. आधी वही दिली की पोरगं फळ्यावरचं चित्र काढल्यासारखं उतरवत बसतं, आणि आपल्याला वाटतं लिहायला लागलं.'

हे त्यांना कुणी प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. तरी जगात याची सरकारी व्यवस्था असते. वेल्समध्ये ग्विनेड नावाचा भाग आहे, तिथल्या शाळांची भाषा वेल्श. इंग्लंडातून आलेल्या कुटुंबातलं मूल तिथं दाखल झालं की त्याला काही आठवडे वेगळ्या भाषा-केंद्रात पाठवतात. तिथं दिवसभर वेल्श कानावर पडते, आणि मग ते आपल्या शाळेत परततं. १९८०च्या दशकापासून हे चालू आहे, त्यासाठी स्वतंत्र शिक्षक आहेत. चाकणला ते काम शेजारी बसलेली सात वर्षांची मुलगी करते.

तिसऱ्या रांगेत एका मुलीच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांचा भाऊ झोपला आहे. ती एका हातानं त्याचं डोकं सावरून दुसऱ्या हातानं बेरजा मांडते. आई-बाबा दोघंही फर्स्ट शिफ्टला. अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांना बसवून घेते आणि दुपारी सुटते. कंपनी आठ तासांची आहे, ओव्हरटाइम धरला तर बारा. सर त्या मुलीच्या जागेवरून जाताना आवाज थोडा खाली आणतात. 'हाकललं तर दोघंही जातील,' एवढंच म्हणतात.

अकराच्या सुमारास केंद्रप्रमुख येतात. मोटारसायकल चिंचेखाली लावतात, हेल्मेट काढून आधी घटाघटा पाणी पितात. त्यांच्याकडे बऱ्याच शाळा, आणि आज या शाळेची 'लिंक' पूर्ण करून घ्यायची आहे. शाळा गुणवत्ता मूल्यांकनाची लिंक. शाळेनं स्वतःला १२८ मानकांवर तपासायचं, प्रत्येक मानकासाठी चारपैकी एक स्तर निवडायचा, आणि पुरावा म्हणून फोटो किंवा कागद चढवायचा. याआधी शाळा सिद्धी होतं, त्यात सात क्षेत्रं आणि ४६ मानकं होती. बाई लॅपटॉपपुढे बसतात, केंद्रप्रमुख वाचतात.

'खेळाचं मैदान?'

'आहे. सकाळी नऊनंतर.'

'मॅडम, नऊनंतर असं तिथं लिहिता येत नाही.'

'मग आहे लिहा.'

'मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह?'

बाई किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवतात. स्वच्छतागृह आहे, चांगलं आहे, एका कंपनीनं बांधून दिलेलं, फरशी अजून चकचकीत. पण कुंपण बुटकं आहे, रात्री बाहेरची माणसं आत शिरतात, म्हणून कुलूप. पाणी दिवसाआड, म्हणून दुपारनंतर पुन्हा कुलूप. मुली ताई-ताई करत किल्ली मागायला येतात, आणि लाजऱ्या मुली मागत नाहीत. त्या दिवसभर पाणी कमी पितात. हा तपशील मला चौथीच्या बाई सांगतात, केंद्रप्रमुख ऐकतात, आणि लिंकमध्ये फोटो जातो फरशीचा. फोटो खोटा नाही.

केंद्रप्रमुखांना खलनायक करणं सोपं आहे, पण ते तसे नाहीत. स्वतः वीस वर्षं वर्गावर होते. लिंक अर्धवट सोडून ते तिसरीत जातात, खडू हातात घेतात, आणि पुढची पंचवीस मिनिटं भागाकार शिकवतात. पोरांना ओळीनं उभं करून, चार-चारचे गट पाडून, उरलेल्या पोराला 'तू बाकी' म्हणून बाजूला काढून. 'बाकी' झालेलं पोर खूश. परत येतात तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला असतो. मग पुन्हा एकोणचाळिसावं मानक.

आणि आधार. ही गोष्ट बाहेरच्याला सांगायला फार वेळ लागतो, इथल्याला सांगावी लागत नाही. शाळेत किती शिक्षक मंजूर व्हायचे ते संचमान्यतेत ठरतं. संचमान्यता ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि पटातलीही तीच मुलं धरतात ज्यांचं आधार जुळलं आहे. आधारवर 'कुमारी', रजिस्टरला 'कुमार'. जन्मतारखेत एक दिवसाचा फरक. कार्ड गावी राहिलेलं. असं मूल वर्गात बसलेलं असतं, मोजलेलं नसतं. शिवाय या पट्ट्यात लोक येतात दिवाळी-छठ उरकून आणि जातात होळीला. म्हणजे मोजदाद होते तेव्हा निम्मी आलेली नसतात, आणि ती येतात तेव्हा मोजणारा गेलेला असतो. चौथीच्या बाई म्हणतात, 'आमची शाळा नोव्हेंबरात भरते हो. सरकारला ती सप्टेंबरात दिसते.'

मधली सुट्टी. मावशी मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवत आहेत. मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, मोजून आलेला. आज मुगाची खिचडी. मावशींना महिना २,५०० रुपये मानधन मिळतं आणि तेही दर महिन्याला मिळत नाही. तिकडे कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासली तर याच्या कितीतरी पट मिळतील, हे त्यांना माहीत आहे. 'मग का नाही जात?' मी विचारतो. 'गेले होते,' त्या म्हणतात, 'तिथं पोरं नाहीत.' आणि लगेच एका पोरावर ओरडतात, 'हात धुतले का रे? दाखव.' काही मुलं तिसऱ्यांदा ताट पुढे करतात. रात्रपाळीहून आलेली आई सकाळी झोपलेली असते. मूल चहा पिऊन आलेलं असतं. मावशींना ती मुलं तोंडपाठ आहेत. त्यांच्या ताटात खालचं, घट्ट पडतं.

चिंचेखाली एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन बसतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. शाळेची जागा त्यांच्या आजोबांनी दिलेली. १९८० मध्ये शरद जोशींच्या कांदा आंदोलनात ते रस्त्यावर बसले होते. जोशींचं आंबेठाण इथून हाकेवर. आता त्यांच्या शेतात चाळी आहेत, नातवंडं त्या पिवळ्या व्हॅनमध्ये. शाळेचा नळ गळतो, कुत्रं शिरतं, पत्रा वाजतो, आबा बघतात, माणूस बोलावतात, खिशातून पैसे देतात. पण शाळा व्यवस्थापन समितीत ते नाहीत. कायद्यानं समितीत पाऊण सदस्य पालक हवेत, आणि निम्म्या बायका. कायदा चांगलाच आहे. फक्त इथले पालक कंत्राटावर आहेत. बैठकीला आलं तर दिवसाची हजेरी जाते. मग रजिस्टर घेऊन सर संध्याकाळी चाळीत फिरतात, आणि ठराव पाण्याच्या टाकीपाशी मंजूर होतात. ज्यांना वेळ आहे त्यांचं मूल इथं नाही, आणि ज्यांचं मूल इथं आहे त्यांना वेळ नाही. आबा यावर काही म्हणत नाहीत. ते विचारतात, 'आज पट किती?'

शिक्षक डबे उघडतात. बोलणं जालिंदरनगरवर येतं. ती शाळाही याच खेड तालुक्यातली, कनेरसरच्या परिसरातली. बंद पडायच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी, ज्यांनी आधी शिरूरची वाबळेवाडी उभी केली, तिथं गेले, आणि २०२५ मध्ये त्या शाळेला टी-फोर एज्युकेशनच्या जागतिक शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला. तिथं मोठी मुलं लहान मुलांना शिकवतात, विषयमित्र म्हणतात त्यांना. इथले शिक्षक ती शाळा बघून आले आहेत. 'विषयमित्र आम्ही उचलले,' बाई भाजी वाढून घेत म्हणतात, 'गाव कुठून उचलणार?' चौथीच्या बाई काही बोलत नाहीत. डब्याशेजारी त्यांचं बालमानसशास्त्राचं गाइड आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी द्यावी लागणार, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असतील त्यांना. बाई सत्तेचाळिसाव्या वर्षी पियाजे पाठ करत आहेत.

दुपारी चौथीत बसतो, आणि जे सकाळपासून जाणवतंय ते इथं नीट दिसतं. बाई एक ओळ वाचतात, वर्ग मागून म्हणतो. आवाज दणदणीत, लय छान. पण कोपऱ्यातला एक मुलगा पुस्तक उलटं धरून म्हणतो आहे. त्याचं एक अक्षर चुकत नाही. समूहाच्या आवाजात न वाचता येणारं मूल बेमालूम लपतं. शिवाय अशा भरगच्च वर्गात सामूहिक वाचन बाईंनाही लपायला बरं पडतं, हे त्या स्वतःच नंतर सांगतात. मागच्या भिंतीला काचेचं कपाट आहे, त्यात दोनेकशे गोष्टींची पुस्तकं, वर देणाऱ्या कंपनीचं नाव. कुलूप. 'फाडतील हो,' बाई म्हणतात. शिक्षक कमी असणं, आधार न जुळणं, टेम्पो, पाणी, यातलं काहीच इथल्या चार-पाच शिक्षकांच्या हातात नाही. या कपाटाची किल्ली मात्र टेबलावरच्या जुडग्यात आहे. मी तसं बोलून दाखवतो. बाईंना राग येतो, दिसतो तो. मग म्हणतात, 'दहा फाटतील. फाटू देत. पण फाटलेली वसूल करायला लावू नका म्हणावं ऑडिटला.'

निघण्याआधी केंद्रप्रमुख शेरेबुक ओढून घेतात. सुंदर, वळणदार अक्षर. परिसर स्वच्छ. परिपाठ उत्तम. दुसरीच्या वाचनाकडे लक्ष द्यावे. निपुण स्तर लवकर गाठावा. सही, दिनांक. मग वही माझ्यापुढे सरकवतात, 'पाहुण्यांचाही अभिप्राय होऊ द्या.'

पेन हातात घेऊन मी अडतो. वेल्समध्ये एस्टिन ही संस्था शाळा तपासते. २०२२ पासून तिनं 'उत्कृष्ट', 'चांगली' असे शिक्के मारणं सोडून दिलं आहे. काय जमतं आणि काय सुधारायला हवं, ते वाक्यांत लिहायचं, त्यासाठी दिवसच्या दिवस वर्गांत बसायचं. इथं केंद्रप्रमुखांना अजून दोन शाळा करायच्या आहेत. आणि दुसरीचं वाचन? दुसरीतली पंधरा-वीस मुलं दिवाळीनंतर आली आहेत. त्यांचं वाचन कमी पडतं तो या शाळेचा दोष म्हणायचा, की वर्षाच्या कुठल्याही महिन्यात, दाखला नसला तरी, भाषा येत नसली तरी मूल आत घेते ते तिचं बळ? एकाच गोष्टीच्या या दोन बाजू आहेत, आणि १२८ रकान्यांत पहिलीच बाजू भरता येते. मी लिहितो की दुसरीतल्या प्रत्येक नव्या मुलापुढे ते कधी आलं ती तारीख लिहावी आणि वाचन तिथून मोजावं. पट नोव्हेंबरातही मोजावा. कुंपण उंच व्हावं. धाकट्या भावंडांसाठी एक खोली आणि एक बाई मिळावी. पुस्तकांचं कपाट उघडं राहावं. केंद्रप्रमुख वाचतात आणि हसतात. 'यातलं शेवटचं मी आजच करून घेतो,' म्हणतात.

पावणेचारला फर्स्ट शिफ्ट सुटते. रस्त्यावर बसांच्या ब्रेकचा आवाज, मग गणवेशातली माणसं पायी. त्यांतला एक फाटकातून आत येतो. सेफ्टी शूज, गळ्यात ओळखपत्र, बोटाला धरलेला नऊ-दहा वर्षांचा मुलगा. ऑफिसच्या दारात बूट काढू की नको या विचारात थांबतो.

'या, या. बूट राहू द्या. कुठले?'

'पाथरी. जिल्हा परभणी.'

'दाखला?'

'नाही मॅडम. दोन वर्षं कारखान्यावर होतो, तोडीला. हा संगंच होता.'

बाई मुलाला जवळ बोलावतात. पुढ्यातलं दुसरीचं पुस्तक उघडून देतात. तो 'क' ओळखतो, 'म' ओळखतो, 'कमळ' म्हणत नाही. वय बघता कायद्यानं चौथी. बाई सरांकडे बघतात. 'नाव चौथीत,' सर म्हणतात, 'वाचायला माझ्याकडं पाठवा सकाळचे दोन तास.' जनरल रजिस्टर उघडलं जातं. आधार आहे, पण नावात 'नेश्वर'चं 'नेशवर' झालं आहे. बाई ते वाचतात, सुस्कारा टाकतात आणि रजिस्टरला बरोबर तेच लिहितात.

'फी किती?'

'फी नाही.'

'मग वह्या?'

'देतो. पुस्तकं पण.'

बापाला ते खरं वाटत नाही. तो खिशातला हात काढत नाही. 'उद्यापासून धाडू?'

'उद्या कशाला? शेवटचा तास बाकी आहे.'

मुलगा बापाचं बोट सोडत नाही. बाप त्याला हळूच पुढे ढकलतो आणि मग त्याला काहीतरी आठवतं. 'मॅडम, सोमवारपासून माझी सेकंड आहे. सुटल्यावर ह्याला घरी कोण आणणार? रस्त्यावर कंटेनर असत्यात.'

'राहता कुठं?'

'काळ्या टाकीच्या चाळीत.'

बाई व्हरांड्यात येतात आणि चौथीच्या दारातून मोठ्यानं विचारतात, 'काळ्या टाकीच्या चाळीत कोण कोण राहतं रे?'

आठ-दहा हात वर जातात.